बाईंचा डावा हात

ओळ संपली की बाईंचा डावा हात उठायचा आणि चापट मारायचा. टाइपरायटरचा दांडा ढकलायची जन्माची सवय. आता समोर कॉम्प्युटर होता, त्याला दांडा कुठला? ती चापट शेजारी बसलेल्या मला लागायची.

"सरक ना गा," वर मलाच म्हणायच्या.

लकडगंजात लाकडं चिरायच्या आरा मशीनच्या शेजारी, जिन्यानं वर, बाईंची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तुम्ही नागपूरच्या कुठल्याही कचेरीत गेला असाल, तर तिथल्या कारकुनाची बोटं बाईंनीच वळवलेली असणार. माझीही त्यांनीच वळवली. शिकवताना त्या आमच्या हातांवर टॉवेल टाकायच्या. कोणी खाली डोकावलं की, "बोटं काहून पाहून राहिला? बोटं पाहू नको गा." एवढंच त्यांचं शिक्षणशास्त्र.

ऐंशीचं दशक सरत आलं तशी पोरं माझ्या कॉम्प्युटर क्लासकडे वळली. बाईंची कळमेश्वरची लेक मागे लागली, मशिनी भंगारात दे आणि माझ्याकडे ये. तर बाईच माझ्या क्लासात येऊन बसल्या.

"लेकीले म्हटलं, दसऱ्यापर्यंत थांब. या डब्ब्यानं माझं ऐकलं तर मीबी हेच शिकवते. नाही ऐकलं तर येते मुकाट्यानं."

म्हणताना हसत होत्या, पण हातातला टॉवेल पिळणं चालूच होतं.

पहिला प्रोग्राम साधा होता. एक ते दहा आकडे पडद्यावर आणायचे. आधी लिहायचा, मग कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला कळेल असा करून घ्यायचा, आणि शेवटी त्याचं नाव टाइप करून चालवायचा. मी खुर्चीवर नीट बसेस्तोवर बाईंचा लिहून झाला. कंपाइल केला, तर मशीन म्हणे चूक आहे. मी अक्षर न् अक्षर तपासलं, काही दिसेना. दसरा तोंडावर आला तरी मशीनचं आपलं तेच. माझं डोकंच फिरलं.

"तुले तरी येते ना गा हे?" बाईंनी विचारलं. झाली शोभा.

शेवटी मी त्यांचा नियम मोडला. पडदा सोडून सरळ त्यांच्या बोटांकडे पाहिलं, आणि सापडलं. त्यांच्या जुन्या टाइपरायटरवर एकचा आकडाच नव्हता. तिथं इंग्रजीतला छोटा एल मारून भागवायचे. कागदावर दोन्ही सारखेच दिसत. बाई इथंही एल मारत होत्या, आणि मशीन काही ऐकायला तयार नव्हतं.

मी वरच्या ओळीतली एकची कळ दाखवली.

"एकासाठी अलग बटन? भलतेच थाट," म्हणत त्यांनी ती दाबली.

कंपाइल झाला, तक्रार नाही. चालवला, तर एक ते दहा सरसर खाली उतरले. बाईंचा हात उठला आणि मला अशी सणसणीत बसली की काय सांगू. फार बरं वाटलं.

लेकीला निरोप गेला. जिन्यावरच्या खोलीत कॉम्प्युटर आले, टॉवेल तेच राहिले.

बऱ्याच वर्षांनी, बाई पार थकल्यावर, मी त्यांना भेटायला कळमेश्वरला लेकीकडे गेलो. त्या झोपल्या होत्या. चादरीवर बोटं चालत होती, मधूनच डावा हात जरासा उठत होता. मी बोटं पाहत राहिलो, कोणी टोकलं नाही. मग खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला ओढली, चापट पोचेल इतकी जवळ.