मधल्या नावाचा रकाना

जगातली प्रत्येक गोष्ट साच्यात बसते, आणि बसत नसेल तर चूक त्या गोष्टीचीच, असं छातीठोकपणे मानणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या मावशीचे यजमान. मुरबाडला त्यांचं संगणकाचं दुकान आहे. गावोगावचे हाताने भरलेले अर्ज टाइप करायचे आणि याद्या तपासून कचेरीत द्यायच्या, हे त्यांचं काम. तपासायला ते रेग्युलर एक्स्प्रेशन लिहितात, म्हणजे अक्षरांचे आणि आकड्यांचे साचे. मोबाइल नंबर दहा आकडी हवा, सुरुवात सहा ते नऊमधल्या आकड्यानेच हवी; पिनकोडला सहा आकडे हवेत, पहिला शून्य नको. साच्यात न बसणारी ओळ पडद्यावर लाल होते. चूक सापडली की माणसं चिडतात असं मला वाटायचं. कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत काम शिकायला गेले तेव्हा पाहिलं, काका चहा मागवतात.

दुकान बंद झालं तरी तपासणी चालूच. वाशिंदच्या एका लग्नपत्रिकेत पिनकोड पाच आकडी निघाला, तेव्हा त्यांनी थेट नवरीच्या बापाला फोन लावला. "लग्न होईल हो, पण आहेराचं पाकीट पोचायचं नाय!" मावशी फोनवर नुसतं "भाजी आणा" म्हणाली, की "माहिती अपुरी" म्हणून फोन ठेवत. मावशी मला सांगायची, "मला बघायला आले तवा यांनी माझापण अर्ज तपासलाच असेल. मी पास कशी झाले, देव जाणे."

त्या सुट्टीत सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीची घरकुलाची यादी आली. नावाचा साचा असा: तीन शब्द, फक्त मराठी अक्षरं. एकही ओळ लाल झाली नाही. "बघ गो, कशी सोन्यासारखी यादी!" काका म्हणाले. पण माझी नजर एका ओळीवर अडकली. 'ठकूबाई धोंडूचाबा वाघ.' धोंडूचा बा! नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून म्हातारीने तसं सांगितलं असणार, आणि अर्ज भरणाऱ्याने ते जोडून लिहिलं असणार. कागदपत्रांशी नाव जुळलं नाही तर तिचं घर अडकणार होतं. यादी चारला द्यायची होती. काकांची चूक काढायची म्हणून तासभर माझी जीभ उचलेना. शेवटी मी म्हणाले, "काका, साचा बरोबरय. पण हे नाव नाय."

काकांनी या वेळी चहा मागवला नाही. "चल, बस गाडीवर."

ठकूबाई अंगणात नाचणी पाखडत होती. कागद तिच्या मुलाकडे, धोंडूकडे, आणि तो लांब कामावर; फोनही लागेना. वाडीतली बाकीची माणसं शेतावर.

"आजी, नवऱ्याचं नाव काय?" काकांनी विचारलं.

"मी नाय घेत."

"मग घर अडकंल ना."

"अडकू दे. त्याचा नाव घेऊन मी घरात काय तोंडानं बसू?"

याला काकांकडे साचा नव्हता. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "लग्नात उखाणा घेतलाव असंल ना? तोच सांगा."

म्हातारी पदरात हसली. मग सूप खाली ठेवून म्हणाली,

"सिद्धगडाच्या माथ्यावर ढग बसलाय वाकून,
कमळूचं नाव घेते अंगणात सडा टाकून."

मग तिने सूप पुन्हा उचललं. पाखडता पाखडता म्हणाली, "तो असताना एकदाच घेतला. त्याला लय आवडला होता. पुन्ना घे म्हणायचा, मी नाय घेतला."

चारच्या आत यादी गेली. मधल्या रकान्यात 'कमळू' बसलं. यादीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो, तो नेहमी रिकामा. आपल्याजवळच्या प्रतीत काकांनी त्यात तो उखाणा टाइप केला, अख्खा.

आता शहापूरच्या कॉलेजात मीही साचे लिहिते. एकही ओळ लाल झाली नाही, की ती यादी मी एकदा डोळ्यांनी वाचते. काकांचे साचे वर्षावर्षाला कडक होत चाललेत. शेऱ्याच्या रकान्याला मात्र त्यांनी अजून एकही लावलेला नाही.