तळपायाच्या गुदगुल्या

मधुमेहाच्या शिबिरात डॉक्टरांनी एका बाईंना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा बारीक तंतू त्यांच्या तळपायाला टेकवला. बाईंनी हसत झटकन पाय ओढला. "अहो, गुदगुल्या होतात!"

"घरी कधी अशी हसत नाहीस," नवरा म्हणाला.

एका बोटाची जाणीव तेवढी कमी होती. "वेळेवर कळलं," डॉक्टर म्हणाले.

मला त्या जोडप्याचा हेवा वाटला. हेवा कसला, जळफळाटच झाला.

माझ्या बायकोलाही मधुमेह. भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर बाकीच्या बायका चटके चुकवत पळायच्या आणि ही शांतपणे प्रदक्षिणा घालायची. "काय श्रद्धा आहे वहिनींची!" लोक म्हणायचे आणि मी ते मिरवायचो. तळव्याला फोड आले, तेही मिरवले. श्रद्धा असेलही, पण पाय बधिर झाले होते, हे आता तरी सांगायला हवे. फोड चिघळून डावा पाय कापावा लागला, तेव्हा ते आम्हाला कळले.

उरलेला पाय दाखवायला आलेली ही, चाकाच्या खुर्चीतून त्या बाईंना म्हणाली, "लवकर आलात हो, बरं केलंत." आणि त्यांच्याबरोबर मनापासून हसली. मला मात्र काही केल्या हसू आले नाही.