अजिनाथकाकांच्या शिंकेची जोड

आमच्या वाडीत चाळिशी ओलांडलेला माणूस पळताना दिसला की लोक दोनच प्रश्न विचारतात. गाय सुटली का, नाहीतर कोण गेलं. त्यामुळे गिरणीवाले अजिनाथकाका ऐन भाद्रपदात सकाळी सकाळी खर्ड्याच्या रस्त्यानं पळायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी दोघं जण गाय शोधायला निघाले आणि एक बाई डोळ्याला पदर लावून बसली.

मोटारसायकलवाले आणखी प्रेमळ. ते गाडी हळू करून शेजारी आणतात.

"काका, बसा की. कुठवर जायचं?"

"कुठंच न्हाई."

"मग पळताय कशापायी?"

"पळायचंच हाय."

"ते दिसतंय. पन कुठवर?"

हे असं फाट्यापर्यंत चालतं. मग काकांना दम लागतो आणि ते मुकाट्यानं मागं बसतात. पहिल्या आठवड्यात त्यांचं निम्मं पळणं दुसऱ्याच्या पेट्रोलवर झालं.

आता हे पळणं कशासाठी, ते सांगायला हवं. घटस्थापनेला आमच्या वाडीची पोरं तुळजापूरहून ज्योत आणतात. रात्रभर आळीपाळीनं पळायचं, मागं टेम्पो, टेम्पोत तेलाचा कॅन आणि बुंदीचं पोतं. ज्योत एकदा उचलली की थांबायची नाही, हा नियम. टेम्पो पंक्चर झाला तरी ज्योतवाल्यानं जागच्या जागी पळत राहायचं. आणि फाट्यापासून देवळापर्यंतचा शेवटचा टप्पा म्हणजे काय विचारता. हलगी, फटाके, ओवाळायला ताटं घेतलेल्या बाया, सगळ्यांचे मोबाईल वर. तरुणपणी तो टप्पा अजिनाथकाकांचा होता. गिरणीत त्यांचा तेव्हाचा फोटो आहे, काचेवर पिठाचा थर आहे, पण छाती ओळखू येते.

मग एका वर्षी देवळाच्या पायरीवर काका शिंकले.

शिंक म्हणजे तुमची-आमची नव्हे. आधी "हाऽ... हाऽऽ... हाऽऽऽ" असा आवाज तीन पायऱ्या वर चढतो. वर पोचल्यावर काका थांबतात, चेहरा एकदम सज्जन होतो, आपण कशाला आलो होतो तेच विसरल्यासारखा. आणि मग जो बार उडतो, त्यानं पलीकडच्या आळीतली कोंबडी उठते. आमच्याकडे निघताना एक शिंक ऐकली की पाऊल मागं घ्यायचं, बसायचं, पाणी प्यायचं. लगोलग दुसरी आली तर जोड झाली, मग खुशाल निघा. काकांची त्या दिवशी एकच आली. ज्योत तशीच आत गेली. त्या वर्षी परतीचा पाऊस पडला नाही. त्याच्या आधीच्या वर्षीही पडला नव्हता, पण तेव्हा कोणी शिंकलं नव्हतं, त्यामुळे तो धरला नाही.

तेव्हापासून काका टेम्पोत. कॅन धरून.

यंदा शेवटच्या टप्प्याचा बन्सी पुण्याला कंपनीत लागला आणि जागा मोकळी झाली. अजिनाथकाका मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब यांच्याकडे गेले. आप्पासाहेब प्रत्येक वाक्य "असा विषय हाय" म्हणून संपवतात, विषय कोणताही असो.

"टप्पा मला द्या," काका म्हणाले.

"अजिनाथ, तुझं वय झालं, असा विषय हाय."

"पळून दाखवतो."

"पळशील रं. नाकाचं काय?"

काकांचा हात आपसूक नाकावर गेला.

"हे बघ. नाक सांभाळून पळालास तर टप्पा तुझा, कायमचा. देवीच्या दारात शिंकलास तर पुढल्या साली टेम्पोतबी न्हाई. घरी बसून टीव्हीवर बघायचं. असा विषय हाय."

टीव्हीवर आमची ज्योत कधीच दाखवत नाहीत, पण काकांना धमकी समजली. आणि त्यांनी "व्हय" म्हटलं.

अडचण एवढीच की काकांचं नाक बारा महिन्यांतले दहा महिने सरळ असतं. भाद्रपद लागला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाजर गवताला पांढरी फुलं आली, की ते फिरतं. त्यात काका पहाटे पळणार आणि लोक पहाटेच कामाला निघणार. बिभीषण खताला निघाला, शिंक आली, परत घरात. गोरक्षनाथ पोरगी बघायला निघाला, एका शिंकेवर ओट्यावर बसला, पाणी प्यायला, तेवढ्यात एसटी गेली. पोरीचं दुसरीकडं जमलं. गोरक्षनाथ आता दळण खर्ड्याला नेतो.

शेवटी सुरेखाकाकूंनी नवऱ्याला जामखेडला डॉक्टरकडं धाडलं. डॉक्टर दात न उघडता बोलतात.

"ॲलर्जी आहे. धुळीपासून लांब राहायचं. धंदा काय?"

"पिठाची गिरणी हाय."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"पन साहेब, पिठात मी बाराही म्हैने आसतो. शिंक येत न्हाई. हे फकस्त गाजर गवतानं हुतं."

"मग गाजर गवतापासून लांब राहायचं."

"ते नसंल आसं गाव सांगा."

डॉक्टरांनी गाव सांगितलं नाही, गोळ्या दिल्या. गोळी फारच गुणाची निघाली. घेतली की शिंक बंद, आणि काकाही बंद. पहिल्या गोळीनंतर ते गिरणीच्या पट्ट्याशेजारी पोत्यावर असे झोपले, की झुंबरबाईंची बाजरी आणि मागच्या पाटीतले गहू एकाच डब्यात दळून निघाले. झुंबरबाई म्हणजे वाडीतलं सगळ्यात जुनं माणूस, शकुन-अपशकुनाचं शेवटचं कोर्ट. त्या दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊनच गिरणीत आल्या.

"आज्या, ही भाकर हाय का चपाती?"

"बघू... दोनी हाय, मावशी."

"तसं पळताना व्हायचं न्हाई ना? म्होरं जायचा आन् झोपायचाबी?"

गोळी बंद झाली. मग सल्ले सुरू झाले. ओवा भाजून हुंगा. मोहरीचं तेल नाकात सोडा. एकानं सांगितलं, गाजर गवतच रोज थोडं थोडं हुंगा, सवय होईल. काकांनी तेही केलं, आणि त्या दिवशी अख्ख्या वाडीतून कोणीही कुठंही जाऊ शकलं नाही.

उपाय निघाला तो सुरेखाकाकूंकडून, तोही टोमण्यातून. "तोंड दाखवायला जागा न्हाई मला. तुमीच बांधा आता तोंड," त्या म्हणाल्या, आणि ओलं उपरणं फेकलं. काकांनी ते नाका-तोंडाला गुंडाळलं आणि पळाले. फाटा आला. शिंक नाही. परत आले. शिंक नाही. कुत्री चोर समजून मागं लागली, त्यामुळे वेगही वाढला. घटस्थापना तोंडावर येईपर्यंत काका फाटा ते देऊळ न बसता, न शिंकता, कुणाच्या मोटारसायकलीला हात न लावता पळू लागले. पोट होतं तिथंच होतं, पण तेही आता तालात हलत होतं. गिरणीतल्या फोटोची काच पुसलेली दिसली, ती मात्र कोणी पुसली ते विचारू नका. सुरेखाकाकू नाही म्हणतात.

आदल्या दिवशी मंडळानं श्रमदान केलं. देवळाचं अंगण गाजर गवतानं भरलं होतं. पोरांनी सगळं उपटलं, ढीग घातला, ढिगासमोर उभं राहून फोटो काढला, आप्पासाहेब मधोमध, हातात मातीही न लागलेलं खुरपं. फोटो ग्रुपवर गेला. ढीग तिथंच राहिला. देवळाच्या पायरीला लागून.

घटस्थापनेच्या सकाळी फाट्यावर ज्योत आली. काकांनी ती उजव्या हातात लांब धरली, उपरणं नीट केलं आणि निघाले. खरं सांगायचं तर पळणं बघण्यासारखं होतं. हलगीवाल्याला ताल वाढवावा लागला. नाव ठेवायला जागाच नव्हती, त्यामुळे लोकांची फार गैरसोय झाली. बाया ताटं घेऊन पुढं झाल्या. सुरेखाकाकू एरवी नवऱ्याकडं दळणाच्या डब्यासारखं बघतात, पण त्या दिवशी टाचा उंचावून उभ्या होत्या.

काका पायरीपाशी पोचले आणि माईकवर आप्पासाहेब बोलले.

"अजिनाथ, उपरणं काढ. देवीम्होरं तोंड बांधून जातो का कोन? दरोडा हाय का? असा विषय हाय."

काका जागच्या जागी पळत मान हलवत राहिले. नाही, नाही.

"काढ म्हन्तो ना."

देवीच्या दारात, अख्ख्या वाडीसमोर, नाही म्हणता येत नाही. काकांनी डाव्या हातानं उपरणं खाली ओढलं. एक श्वास घेतला. त्या श्वासात अख्खं श्रमदान होतं.

"हाऽ..."

हलगी थांबली.

"हाऽऽ... हाऽऽऽ..."

चेहरा सज्जन झाला. काकांनी ज्योतीचा हात मागं नेला, तोंड दुसरीकडं फिरवलं, आणि बार उडाला.

ज्योत शाबूत. पण शिंक एक.

आता झाली खरी पंचाईत. शिंक झाली म्हणजे पाऊल पुढं टाकायचं नाही. ज्योत आहे म्हणजे थांबायचं नाही. बसून पाणी प्यावं तर ज्योत बसत नाही. काका पायरीखाली जागच्या जागी पळत, घाम नाकावरून खाली, आणि आप्पासाहेबांकडं विषयच उरला नव्हता.

झुंबरबाई पुढं आल्या. "दुसरी येऊ दे," त्यांनी निकाल दिला. "जोड झाली की जा."

मग जे झालं ते ह्या वाडीत कधी झालं नव्हतं. सगळी माणसं अजिनाथकाकांच्या शिंकेची वाट बघायला लागली. आणि ती येईना. इतकी वर्षं न बोलावता आली, गणपतीच्या आरतीला आली, मयतीला आली, ग्रामसभेत आली. आता अख्खी वाडी तोंडाकडं बघतेय तर नाक कोरडं.

"उनाकडं बघा, काका," एकजण म्हणाला.

"बगतोय."

"येतीय का?"

"आली आली... गेली."

"गोळी खाल्लीस का काय?" झुंबरबाई.

"न्हाई ओ, मावशी."

काकांचे गुडघे आता वर येत नव्हते. पाय नुसते मातीत पुटपुटत होते. ज्योत कलली. तेव्हा गर्दीतून गोरक्षनाथ बाहेर आला. तोच, दळण खर्ड्याला नेणारा. तो ढिगापाशी गेला, गाजर गवताचा फुलांनी भरलेला एक मोठा झुपका उचलला आणि काकांच्या नाकासमोर असा धरला जसं काही हार घालतोय.

"घ्या, काका. माझी गाडी चुकली ती चुकली."

"हाऽ... हाऽऽ..."

वाडीनं तिसरी पायरी त्यांच्याबरोबर म्हटली. आणि बार उडाला.

"जोड झाली. पळ आज्या," झुंबरबाई म्हणाल्या, आणि काका दोन पायऱ्या एकदम ओलांडून आत. त्यांनी ज्योत समईला लावली, वातीनं पेट घेतला, आणि त्यानंतर गाभाऱ्यातून जो तिसरा आवाज आला तो माईकवाल्यानं माईक न लावताही सगळ्यांना ऐकू आला.

लोकांनी आप्पासाहेबांकडं पाहिलं. आप्पासाहेबांनी उघड्या दारातून समईकडं पाहिलं, मग काकांच्या पाठीकडं.

"भायेर जोड झाली. ती आतली हाय," ते माईकवर म्हणाले. "आतली मोजायची न्हाई. टप्पा अजिनाथचा, असा विषय हाय."

सुरेखाकाकू म्हणाल्या, "उपरणं धुवायला टाका आता तरी." मग स्वतःच ते उचललं, झटकलं आणि खांद्यावर टाकून घरी गेल्या. रस्ताभर काढलं नाही.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीची टोळी निघाली. ट्रॅक्टरवर भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं, सगळं बसलं. निघायच्या आधी मुकादम बिभीषण गिरणीपाशी उतरला.

"अजिनाथ, येक जोड टाक की. कारखाना लांबचा हाय, शकुन झाला म्हंजे बरं."

काकांनी पट्टा बंद केला, पिठानं पांढरं झालेलं नाक वर केलं आणि मनापासून प्रयत्न केला. ट्रॅक्टर चालू, सगळी टोळी त्यांच्या तोंडाकडं बघत.

"न्हाई येत रं," ते शेवटी म्हणाले. "गवत वाळलं."