रुमालावर बसलेला खलनायक

ताडकळसहून परभणीला जाणाऱ्या बसमध्ये एका म्हाताऱ्याने मला फसवलं. खिडकीतून रुमाल टाकून मी जागा धरली होती. आत गेलो तर हा बसलेला. मी भडकलो. रुमालाची घडी माझ्या हातात देत तो म्हणाला, “मालक, तुमच्या रुमालाची राखण करायलोय.” सगळी बस हसली. बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारा मी परभणीपर्यंत उभा राहिलो.

तो मोबाइलवर सिनेमा बघत होता. खलनायकाने टोमणा मारला की मिशीत हसायचा, मलाही दिसावं म्हणून मोबाइल तिरका धरायचा. हिरो आला की माझ्या खिडकीतून बाहेर बघायचा. शेवटची मारामारी सुरू होताच त्याने सिनेमा बंद केला.

“आता त्याला मारतेत. मी न्हाई बघत.”

जागा गेली ती गेली. पण सिनेमाभर हसवणाऱ्यालाच शेवटी का मारता? सिनेमावाल्यांनो, उत्तर द्या.