वन-निल काका

वन-निल काकांनी आयुष्यात बेसबॉलचा एकच सामना पाहिला आणि तो आम्हाला जन्मभर सांगितला. तरुणपणी एक्स-रेचं काम शिकायला ते वर्षभर अमेरिकेत होते, तेव्हाचा. निकाल एक-शून्य, म्हणजे वन-निल, म्हणून आम्ही त्यांचं तेच नाव पाडलं. पुढे लंडनच्या हॉस्पिटलात नोकरी केली, तिथेच हॅरोत घर घेतलं. मराठी मंडळात कुणी खेळाचा विषय काढला, की काका खुर्ची पुढे ओढायचे.

"एकच रन? झोप नाही आली, काका?" आम्ही चिडवायचो.

"अगं, काही घडत नसतं तेव्हाच नीट बघायचं असतं."

ते हरलेल्या पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, भक्त. आठ इनिंग त्याने एक रन दिली नाही. नवव्या, शेवटच्या इनिंगमध्ये सोपा झेल सोबत्याच्या ग्लोव्हमधून निसटला, तिसऱ्या बेसवरचा विरुद्ध संघाचा गडी धावत आला, तीच ती एक रन, खेळ खलास. पिचरने त्या सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ताठ मानेने आत गेला. "हात थरथरत होता त्याचा. मी पुढच्या रांगेत, म्हणून दिसलं. बाकी कुणाला दिसू दिलं नाही पठ्ठ्याने!"

"दिसू द्यायला हवं होतं," मी म्हणायचे.

"तू पत्रकवाली. तुला सगळं छापून हवं."

हवंच होतं. म्हाताऱ्या माणसांना घरी मिळणारी सरकारी मदत कापत चालले होते आणि त्याविरुद्ध पत्रकं वाटणारी मी चिडले होते. अजून चिडलेली आहे. काकू गेल्यावर काकांचे गुडघे गेले. ते जिन्यावर बसून एकेक पायरी खाली सरकायचे. मी फोटो काढला. पत्रकावर तोच छापला, खाली लिहिलं: 'लाज कुणाला वाटायला हवी?' काकांना विचारलं नाही. चांगल्या कामासाठी काय विचारायचं?

काकांनी पत्रक पाहिलं. चार घड्या घातल्या.

"फार पत्रकं वाटलीस का गं?"

"स्टेशनबाहेर सगळी संपली!" मी फुशारकीने सांगितलं.

काकांनी ती घडी खिशात ठेवली.

पुढच्याच आठवड्यात त्यांची तपासणी होती. मदतनीस द्यायचा की नाही, हे त्यावर ठरणार. मी धावतपळत पोचले तर काका सूट-टाय घालून उभे. उभे! टेबलावर चिवडा, चांगले कप. तपासणीच्या बाईने विचारलं, जिना चढता येतो? काका तिच्यासमोर जिना चढले. वर जाऊन खाली उतरले, चालत. आंघोळ? "नो प्रॉब्लेम." मी मधे बोलायला गेले तर मराठीत दटावलं, "पाहुण्यांसमोर तमाशा नको."

दारात आलेल्या माणसापुढे आपली माणसं रडगाणं गात नाहीत. आणि तो फॉर्म असा, की आधी स्वतःची अब्रू काढल्याशिवाय मदत नाही. हे मला ठाऊक होतं. पण उरलीसुरली अब्रू मी स्टेशनबाहेर वाटून आले होते. मग त्या दिवशी काका दुसरं काय करणार होते?

मदत नामंजूर झाली. महिन्याभरात काका जिन्यावरून पडले. शेजारणीला दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले.

हॉस्पिटलात मी म्हणाले, "काका, माझं चुकलं."

"चुकलंच." गोड बोलून समजूत घालणं त्यांना कधी जमलं नाही. मग म्हणाले, "लिहिलं होतंस ते खरं होतं. फोटो विचारून छापायचास." डोळे मिटले. "बाकीच्यांना त्या बाईसमोर खरं बोलायला शिकव. मला नाही जमलं, पोरी."

चार दिवसांनी ते गेले.

आता मी मंडळातल्या प्रत्येकाच्या तपासणीला हजर असते. परवा एका आजींकडे तासभर आधी जाऊन बसले. बजावलं, आज येणारी बाई पाहुणी नाही, चहा नाही, खुर्चीतून उठायचं नाही, दुखतं ते दुखतं म्हणायचं. आजींनी शहाण्यासारखी मान डोलावली.

बेल वाजली. आजींनी पदर सारखा केला, खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि दार उघडायला उठल्या.