कांद्यांच्या खोलीतलं पहिलं गाणं

सुलभावहिनींनी कांदे-बटाट्यांची खोली रिकामी करून दिली नसती, तर मी तेव्हाच गावी परत गेलो असतो. म्हणून आधी त्यांचं नाव.

दुबईला निघालो तेव्हा संगमेश्वरच्या स्टँडवर आई एवढंच म्हणाली, "तिकडे कुणाला उलटून बोलू नकोस." नववीत शाळा सुटलेली, हातात सुतारकाम. दुबईत ऑफिसांची पार्टिशनं बसवायला लागलो, राहायला मुहैस्नाह भागातला कामगारांचा कॅम्प. मग मंदी आली. एका सकाळी साइटवर न्यायला बसच आली नाही. फोरमन म्हणाला, "खलास." भावाचं कॉलेज माझ्या पगारावर चालू होतं. परत जाऊन त्याला काय सांगणार होतो?

वहिनींचा तिथेच जेवणाच्या डब्यांचा धंदा. त्यांच्या किचनमधल्या फळ्या मी एका शुक्रवारी बसवल्या होत्या, तेवढीच ओळख. तरी त्यांनी आपल्या धंद्याच्या लायसन्सवर माझा व्हिसा घेतला. त्यांचे मिस्टर सुधीरदादा हॉटेलात साउंड सांभाळायचे. हॉटेलने गाणी बंद केली तसे ते घरी बसले, आणि तिथे गाणारी केनियाची ग्रेसही. ती सोल गायची. चर्चमधल्या गाण्यातून आलेलं, पोटातून वर येणारं काहीतरी, एवढंच मला समजलं. दादांनी ठरवलं, हिची गाणी आपणच काढायची, स्वतःचं लेबल, म्हणजे गाण्यांची कंपनी, काढून. वहिनींनी रेकॉर्डिंगला खोली दिली आणि कांद्यांची पोती स्वतःच्या बेडरूममध्ये नेली. डबे रोज कमी होत होते. ही खोली चालली तरच मी राहणार, हे न सांगता कळत होतं.

मी जीव ओतून काम केलं. साहेबाच्या केबिनमधला आवाज बाहेर जाता कामा नये, एवढंच शिकलो होतो; तशीच खोली केली. गाद्या, फोम, कुठे फट म्हणून ठेवली नाही. ग्रेस आत गेली, गायली, बाहेर आली. पुन्हा गेली. शेवटी घाम पुसत म्हणाली, "ब्रदर, आत मी कुणासाठी गाऊ?"

तेवढ्यात वहिनी लाटणं घेऊनच आल्या. "अहो, ही गातेय की शिक्षा भोगतेय? उघडा ते दार!"

दार उघडलं. ग्रेसची ओळ संपली आणि वहिनींनी पोळ्या लाटता लाटता झील धरली, माहेरच्या भजनी मंडळात धरायच्या तशी. शब्द एकही कळला नव्हता. ग्रेस हसली आणि पुढची ओळ त्यांच्याकडे बघून गायली. लाटण्याचा आवाजही टेपवर आला. दादा म्हणाले, "राहू दे."

ते गाणं ग्रेसच्या लोकांत फिरलं, आणखी गायक आले, मी राहिलो. आता लेबलला नीट जागा आहे, माझा व्हिसाही त्याच्यावर. डब्यांचा धंदा मात्र बुडाला. गुडघे गेले तशा वहिनी चिपळूणला परतल्या. दादा इथे, त्या तिथे. मीही इथेच, वर्षामागून वर्षं.

सुट्टीत गेलो की आई पाहुण्यासारखी नवी चादर काढते. भावाच्या मुलांना मी दुबईचे काका. इथे दाराला किल्ली लावताना वाटतं, हेही आपलं नाही. दोन्हीकडे थोडाथोडा राहून माणूस दमतो. घर म्हणजे आता मला एवढंच वाटतं: जिथे आपल्यासाठी कुणीतरी स्वतःची अडचण करून घेतली ती जागा.

गेल्या सुट्टीत चिपळूणला गेलो होतो. वहिनी भिंतीला खांदा टेकून, उभ्यानेच पोळ्या लाटत होत्या. वहिनी, बसून लाटता येईल असा तुमच्या मापाचा ओटा मी माझ्या हाताने करून देणार. कधी जमेल ते आज सांगता येत नाही. पण देणार, इन्शाल्ला.