झऱ्याचा तक्ता

ऑफिसातले जुने कागद रद्दीत जातात. किस्से मात्र कुणी नेत नाही, ते माझ्याकडेच साठतात! कर्जतजवळ दहिवलीला आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. मी दहावी शिकलेली, वाडीतल्या मीटिंगा जमवते. डोंगरातल्या एका वाडीचा झरा आटलाय, तो परत वाहता करायचा, एवढंच आमचं काम.

*

संस्थेचे सर म्हणाले, "आधी काय केल्यानं काय होईल ते कागदावर मांडू, मग खड्डे खणू." तक्ता झाला. एका चौकटीत झाडं, तिथून बाण, दुसरीत पाणी मुरणं, पुन्हा बाण, शेवटी झरा. वाडीतल्या पारूआजीनं बाणावर बोट ठेवलं.

"ह्यो किती पावसाळ्यांचा रं?"

"दहाएक धरा, आजी."

"मग मला काय दाखवतूस? नातीला दाखव!"

*

सगळ्यांना कळावा म्हणून पुढचा तक्ता वाडीच्या अंगणात मांडला. माती म्हणून ढेकळं, जंगल म्हणून आंब्याच्या डहाळ्या. सर समजावत होते तेवढ्यात बकरीनं येऊन जंगल खाल्लं! रिपोर्टात त्याच्या फोटोखाली ओळ होती: 'चराईच्या परिणामाचं प्रात्यक्षिक.'

*

तक्त्यातल्या लाल चौकटी म्हणजे नुकसान करणाऱ्या गोष्टी. गुरं, वणवा, लाकूडतोड. आजीचा मुलगा म्हणाला, "सगळ्या लाल चौकटींत आमीच? आन् वरच्या पठारावर फार्महाऊसवाल्यानं बोअर मारली, ती?"

"ती आपल्या प्रकल्पाच्या हद्दीबाहेर येते."

"पाण्याला सांगितलंय का हद्दीचं?"

सरांनी ते लिहून घेतलं. बोअरची लाल चौकट काही आखली नाही.

*

एकदा प्रदर्शनासाठी तक्ता कापडावर उतरवताना माझा बाण उलटा पडला. झऱ्याकडून झाडांकडे! वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही घाबरून गप्प. तिकडे भर उन्हाळ्यात प्रकल्पात लावलेली रोपं जगवायला वाडीतल्या बायका खालच्या विहिरीवरून हंडे चढवत होत्या. माझाच बाण बरोबर निघाला.

*

यंदाही झरा कोरडाच. चार घरं वाडी सोडून साजगावला कंपनीच्या कामाला उतरली. मीटिंगमध्ये सरांनी झाडं ते झरा ही ठळक रेघ पुसली आणि तिथं तुटक रेघ ओढली.

पारूआजीनं विचारलं, "अशी तुटक का रं काढली?"

"म्हणजे अजून खात्री नाही, आजी."

आजी तक्त्याजवळ सरकली. एका चौकटीवर बोट ठेवून मला म्हणाली, "ही आमची वाडी ना गं?"

"हो, आजी."

ती सरांकडे वळली. "मग हिची चौकटबी तुटकच काढ रं, बाबा."